आधी पापणी उघडून पाहा

(सांगलीत पालक, शिक्षक आणि फॅमिली डॉक्टर यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

थंडीच्या दिवसांत चार-पाच दिवस नाक गळणारं मूल सकाळी उठतं आणि एका डोळ्याची पापणी सुजून मिटलेली असते. घरात लगेच निदान होतं. कुणी म्हणतं, रात्री काहीतरी चावलं. कुणी म्हणतं, डोळे आलेत. आजी म्हणते, रांजणवाडी येतेय, शेक द्या. ही तिन्ही निदानं पुष्कळदा बरोबर निघतात, आणि म्हणूनच चौथं निसटतं. नाकाशेजारच्या सायनसमधला, म्हणजे हाडातल्या हवेच्या पोकळीतला, जंतुसंसर्ग डोळ्याच्या खोबणीत शिरलेला असतो. हे क्वचित होतं, पण झालं की हिशोब दिवसांत नाही, तासांत करायचा असतो.

आधी शेजार समजून घेऊ. डोळ्याची खोबण म्हणजे आडवं ठेवलेलं हाडाचं नरसाळं. रुंद तोंड पुढे, चोच मागे मेंदूकडे. मोठ्या माणसाच्या खोबणीत जेमतेम ३० मिली जागा असते, अर्धा कटिंग चहा म्हणा. लहान मुलाची त्याहून कमी. तेवढ्यात डोळा, त्याला फिरवणारे सहा स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या आणि दृष्टीची नस. सगळीकडून हाड, मोकळं फक्त समोर. आत सूज आली किंवा पू साठला की डोळा पुढे ढकलला जातो. पुढे सरकायची सोय संपली की आतला दाब चढतो आणि नसेचा आणि रेटिनाचा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याचा, रक्तपुरवठा दबू लागतो. रेटिनाला रक्त मिळणं पूर्ण थांबलं तर साधारण दीड तासात कायमची इजा होते. म्हणून ‘उद्या सकाळी बघू’ हे वाक्य इथे चालत नाही.

या खोबणीच्या तीन बाजूंना सायनस आहेत. वर कपाळाचा, खाली गालाचा, आणि आतल्या बाजूला, नाक आणि डोळा यांच्यामध्ये, एथमॉइड. एथमॉइड म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या हवेच्या बारक्या खोल्या. तो आणि डोळा यांच्यात भिंत एकच, तीही सामाईक, आणि तिचं लॅटिन नावच ‘लॅमिना पॅपिरेशिया’, म्हणजे कागदी पापुद्रा. जाडी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. त्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू जायला जन्मजात छिद्रं असतात, काहींच्या हाडात नैसर्गिक फटीही असतात. भरीला, पायाच्या शिरांत रक्त उलटं जाऊ नये म्हणून झडपा असतात, तसा पक्का अडसर चेहरा आणि खोबणीच्या शिरांत नसतो. रक्त दोन्ही दिशांना वाहू शकतं, आणि त्याबरोबर जंतूही. संसर्गाला भिंत फोडावी लागत नाही, दार उघडंच असतं.

मग मुलांनाच का? ‘एवढ्याशा पोराला कसला सायनस’ असं पालक म्हणतात, म्हणून सांगतो. एथमॉइड आणि गालाचा सायनस जन्मतः असतात. कपाळाचा सायनस सहा-आठ वर्षांच्या पुढे आकार घेऊ लागतो आणि किशोरवयात पूर्ण वाढतो. म्हणजे चार वर्षांच्या मुलाचा धोका जवळजवळ सगळा एथमॉइडमधून, नाकाच्या बाजूने येतो. बारा-पंधरा वर्षांच्या मुलाचा वरूनही, कपाळाकडूनही येऊ शकतो, आणि तो मेंदूच्या जास्त जवळचा. हा फरक लक्षात ठेवा, पुढे शस्त्रक्रियेच्या निर्णयात कामाला येईल.

आता या विषयातली सगळ्यात महत्त्वाची रेघ. खोबणीच्या हाडाच्या कडेपासून पापणीपर्यंत एक पातळ पण चिवट पडदा असतो, ऑर्बिटल सेप्टम. संसर्ग त्याच्या पुढे असेल तर फक्त पापणी सुजते, तिला प्रीसेप्टल सेल्युलायटिस म्हणतात. मागे असेल तर ऑर्बिटल सेल्युलायटिस. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, लाल, गरम, टम्म पापणी. फरक कळतो तो पापणी उघडल्यावर. ‘डोळा उघडतच नव्हता, म्हणून तपासला नाही’ असं केसपेपरवर लिहिलं असेल, तर त्या तपासणीत मुख्य गोष्टच राहून गेली असं समजा.

१९७० मध्ये अमेरिकेतल्या चँडलर आणि सहकाऱ्यांनी या गुंतागुंतीचे पाच गट पाडले. पडद्यापुढची सूज, खोबणीतला दाह, हाड आणि त्यावरचं आवरण यांच्यात साठलेला पू, खोबणीच्या आतलं गळू, आणि पाचवा, मेंदूच्या तळाशी असलेल्या ‘कॅव्हर्नस सायनस’ नावाच्या शिरेत (ही हवेची पोकळी नव्हे) रक्ताची गाठ. आजही रिपोर्टवर ‘चँडलर टू’, ‘चँडलर थ्री’ असं लिहिलेलं दिसतं. उपयोगी आहे, पण विद्यार्थी याचा एक चुकीचा अर्थ काढतात. हा जिना नाही. मूल पहिल्या पायरीवर आहे म्हणून निश्चिंत राहायचं असं नाही, आणि सगळ्या पायऱ्या चढूनच शेवटची येते असंही नाही. किशोरवयीन मुलाची पापणी फक्त पुढून सुजलेली असते आणि कपाळाच्या सायनसमधून मेंदूच्या आवरणापाशी पू साठलेला असतो, असं होऊ शकतं.

आता तपासणी. मूल आईच्या मांडीवर, हात चादरीत गुंडाळून, डोकं दुसऱ्या कुणीतरी दोन्ही हातांनी धरलेलं. पापणी कोरड्या गॉजने पुसून घ्या, घाम आणि मलम असेल तर बोट निसटतं. मग एक अंगठा भुवईच्या हाडावर, दुसरा गालाच्या हाडाच्या वरच्या कडेवर. कातडी हाडावर दाबून एक वर, एक खाली सरकवायची. दाब हाडावर द्यायचा, डोळ्यावर अजिबात नाही. बधिर करणारा थेंब असेल, प्रोपॅराकेन वगैरे, तर टाका, अर्ध्या मिनिटात मूल सैल पडतं. नेत्रतज्ज्ञाकडे पापणी उचलायचं छोटं हत्यार असतं. तुम्हाला दोन-तीन सेकंदांची फट पुरते, फक्त त्या वेळात काय बघायचं ते आधी ठरलेलं हवं.

पहिलं, डोळ्याचा पांढरा भाग. पडद्यापुढच्या सुजेत तो बहुधा शांत असतो. लाल झालेला आणि पाणी भरल्यासारखा फुगून पापणीच्या कडेवर येत असेल तर संशय घ्या. दुसरं, डोळ्याची हालचाल. खुळखुळा किंवा मोबाइलचा उजेड सहा दिशांना फिरवा. मूल डोळा फिरवताना कळवळलं किंवा डोळा एका दिशेला जातच नसेल, तर संसर्ग मागे आहे असं धरा. एथमॉइडकडचा पू डोळ्याला बाहेर आणि थोडा खाली ढकलतो, म्हणून आत, नाकाकडे बघताना अडचण येते. तिसरं, नजर. चार-पाच वर्षांपुढच्या मुलाला एकेक डोळा झाकून बोटं मोजायला लावा. त्याहून लहान असेल तर आधी आजारी डोळा झाका, मग चांगला. चांगला डोळा झाकल्यावरच मूल चिडून हात झटकत असेल, तर दुसऱ्या डोळ्याला दिसत नाही हे ते तुम्हाला सांगतंय. चौथं, रंग. औषधाच्या बाटलीचं लाल झाकण एकेका डोळ्याला दाखवा. आजारी बाजूला लाल रंग फिका, विटक्या वीटेसारखा दिसत असेल, तर नस दबू लागली आहे. नजर कमी होण्याच्या आधीच रंग जातो, आणि हे झाकण कुठल्याही दवाखान्यात सापडतं.

बाहुलीची तपासणी जरा नीट सांगतो, कारण घाईत ती चुकते. खोली अंधारी करा. टॉर्च एका डोळ्यावर दोन-तीन सेकंद, मग झटकन दुसऱ्यावर, पुन्हा पहिल्यावर. निरोगी डोळ्यांत बाहुल्या आकसलेल्याच राहतात. टॉर्च आजारी बाजूला गेल्यावर बाहुली आकसण्याऐवजी पसरू लागली, तर नस दबली आहे. मूल बेशुद्धीच्या सीमेवर असलं, बोलत नसलं तरी ही खूण मिळते, त्याच्या सहकार्याची गरज नाही. मात्र कुणी आधी बाहुली मोठी करणारे थेंब टाकले असतील, तर ही खूण काही तासांसाठी गेली. म्हणून रात्रीच्या ड्यूटीवरच्या डॉक्टरांना विनंती, रेटिना बघायचा असेल तर आधी बाहुल्यांची नोंद वेळेसकट लिहा, मग थेंब टाका.

डोळा पुढे आलाय का, हे समोरून नीट कळत नाही, कारण पापणीची सूज फसवते. मुलाच्या मागे उभे राहा, डोकं थोडं मागे झुकवा आणि कपाळावरून खाली बघा. कोणत्या डोळ्याच्या पापण्यांचे केस जास्त पुढे दिसतात? दोन्ही डोळ्यांत दोन मिलिमीटरचा फरकही दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

यापैकी एकही खूण असेल तर तो मागचा आजार आहे असं धरून चाला. काहीच नसेल, मूल खेळतंय, ताप किरकोळ आहे, वय वर्षाच्या वर आहे आणि पालक दुसऱ्या दिवशी हमखास दाखवायला आणतील अशी खात्री असेल, तर तोंडाचं अँटिबायोटिक देऊन घरी पाठवता येतं. साधारण अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेट, अमॉक्सिसिलिनच्या हिशोबाने किलोला दिवसाला ८० ते ९० मिलिग्रॅम, दोन भागांत. ‘बघू चार दिवसांनी’ असं नाही, २४ तासांनी पुन्हा पापणी उघडून बघायची. ४८ तासांत सूज उतरत नसेल तर भरती. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र पहिल्या दिवशीच भरती करणं शहाणपणाचं. आणि पापणीवर खरोखरच कीटक चावल्याची खूण, फोड किंवा अश्रुपिशवीची गाठ दिसत असेल, तर सायनसचा विषय नाही, तो वेगळा रस्ता.

सर्दी आणि सायनस यांतला फरक इथेच सांगतो. मुलाला वर्षाला सहा-आठ सर्द्या होतात, त्यांपैकी फार थोड्यांत जंतूंचा सायनसायटिस होतो. सर्दी दहा दिवस उलटूनही उतरत नाही, किंवा बरी होत आल्यावर पुन्हा ताप आणि घट्ट शेंबूड येतो, किंवा सुरुवातीपासूनच तीन दिवस १०२ फॅरनहाइटच्या वर ताप आणि पिवळा-हिरवा शेंबूड, तर तो सायनसायटिस मानायचा. पण डोळ्याची गुंतागुंत ही अट पाळत नाही. काही मुलांत सुजलेली पापणी हीच सायनसची पहिली खूण असते. त्यामुळे ‘याला सायनस कधीच नव्हता’ हे ऐकून शंका सोडू नका.

उलट बाजूही आहे. प्रत्येक पुढे आलेला डोळा संसर्गाचा नसतो. सकाळी दोन्ही पापण्या सुजतात, दुपारी उतरतात, ताप नाही, तर लघवीची तपासणी करा, मूत्रपिंडाचा आजार असू शकतो. काही दिवसांत डोळा झपाट्याने पुढे आला, ताप नाही, मूल मरगळलेलं नाही, तर स्नायूची कर्करोगी गाठ, रॅब्डोमायोसार्कोमा, डोक्यात हवी. रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे रेटिनाचा कर्करोग, हाही सेल्युलायटिसचं सोंग घेऊन येऊ शकतो, म्हणून बाहुलीत पांढरं चमकतंय का हे फोटोत आणि टॉर्चने बघा. दोन्ही डोळ्यांभोवती काळी वर्तुळं आणि पोटात गाठ, तर न्यूरोब्लास्टोमा, हाही मुलांचा एक कर्करोग. मधुमेह किंवा केमोथेरपी चालू असलेल्या मुलात नाकात काळा खपला दिसला, तर बुरशीचा विचार ताबडतोब. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसचं नाव घरोघरी पोचलं, पण ती बुरशी त्याआधीही होती आणि नंतरही आहे.

आता तपासण्या. सायनसचा साधा एक्स-रे या वयात काढू नका, पैसे आणि वेळ वाया. रक्ताच्या तपासणीत पांढऱ्या पेशी आणि सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारा आकडा) उपचार लागू पडतोय का हे बघायला उपयोगी, पण त्या चांगल्या आल्या म्हणून पापणी उघडणं टाळू नका. सीटी स्कॅन हवाच : डोळा पुढे आला असेल, हालचाल किंवा नजर कमी असेल, पापणी उघडताच येत नसेल, दोन्ही डोळे सुजले असतील, खूप डोकेदुखी, उलट्या, झटके किंवा झोपाळूपणा असेल, किंवा योग्य औषध २४ ते ४८ तास देऊनही फरक नसेल. तो शिरेतून रंग देऊन काढा, खोबण, सायनस आणि मेंदू तिन्ही घ्या, एक-दोन मिलिमीटरच्या पातळ पट्ट्यांत, आडव्या आणि उभ्या दोन्ही. फक्त खोबणीचा स्कॅन काढला की मेंदूकडचा पू दिसत नाही, आणि मग दुसऱ्या दिवशी पुन्हा किरणोत्सर्ग. रिपोर्टवर ‘सायनसायटिस’ लिहिलं म्हणून घाबरू नका आणि खूशही होऊ नका. साध्या सर्दीतही स्कॅनमध्ये सायनस भरलेले दिसतात. बघायचं ते पू कुठे, किती, त्याच्याभोवती रंग घेऊन उजळलेली कडा आहे का, आणि आत हवा आहे का. डोक्यात दाब वाढल्याची शंका असेल तर स्कॅनआधी पाठीतून पाणी काढू नका. कॅव्हर्नस सायनसची किंवा मेंदूतल्या गुंतागुंतीची शंका असेल तर एमआरआय.

उपचार. सलाईनमधून अँटिबायोटिक पहिल्याच तासाभरात सुरू झालं पाहिजे. जंतू कोणते? न्यूमोकोकस, स्ट्रेप्टोकोकसच्या इतर जाती, विशेषतः अँजिनोसस गट, आणि स्टॅफिलोकोकस. नऊ वर्षांच्या आतल्या मुलात बहुधा एकच जंतू, मोठ्या मुलांत मिश्र, हवेशिवाय जगणारे जंतूही. एकेकाळी इथे हीमोफिलस इन्फ्लुएंझा बी हा मोठा खलनायक होता, लस आल्यावर तो मागे पडला. आपल्याकडे ती सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या पेंटाव्हॅलंट या एकत्रित लसीत मिळते, आणि २०२१ पासून देशभरात न्यूमोकोकसची लसही मोफत आहे, सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिन्यांना. भरती करताना लसीकरणाचं कार्ड मागा.

सुरुवात सेफ्ट्रायॅक्सोनने, किलोला दिवसाला ५० ते १०० मिलिग्रॅम, मेंदूची शंका असेल तर वरचा आकडा. स्टॅफिलोकोकसची किंवा मुलाची तब्येत बिघडल्याची शंका असेल तर व्हॅन्कोमायसिन जोडा, किलोला दिवसाला ६० मिलिग्रॅम चार भागांत, आणि मूत्रपिंडाच्या चाचण्यांसह. मोठ्या मुलात किंवा मेंदूच्या शंकेत मेट्रोनिडॅझोलही. नंतर कल्चरनुसार, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवून ओळखलेल्या जंतूनुसार, बदल. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब-फवारे, आणि नाक मोकळं करणारे थेंब डॉक्टर सांगेल तेवढेच, तीन-चार दिवस. त्यातलं औषध लहान बाळाला जास्त झालं तर झोपाळूपणा येतो, नाडी मंदावते. घरातली मोठ्यांची बाटली मुलाच्या नाकात टाकणं यासाठीच नको.

भरती झाल्यावर खरी कसोटी सुरू होते ती रात्री. दर चार तासांनी नजर, बाहुल्या, लाल रंग, हालचाल, डोळा किती पुढे, ताप. हा तक्ता पलंगाला टांगा आणि प्रत्येक नोंदीखाली वेळ लिहा. ताप पॅरासिटामोलने उतरतो, पण त्या औषधाने डोळा मागे जात नाही आणि बाहुली सुधारत नाही. म्हणून नुसता तापाचा तक्ता बघून ‘पेशंट बरा’ असं ठरवू नका. दुसरी चूक उलट दिशेची. तिसऱ्या दिवशी मूल हसतंय, सूज उतरतेय, आणि कुणीतरी ‘पू गेला का बघू’ म्हणून पुन्हा सीटी काढतो. पहिल्या काही दिवसांत स्कॅन मागे राहतो, पू पूर्वीइतका किंवा किंचित मोठाही दिसू शकतो. मूल सुधारत असेल तर स्कॅनवर नाही, मुलावर विश्वास ठेवा.

पू आहे म्हणजे ऑपरेशन, असा ठोकताळा आता उरलेला नाही. नऊ वर्षांच्या आतलं मूल, पू नाकाच्या बाजूला आणि लहान, नजर आणि बाहुली ठीक, कपाळाचा सायनस कोरा, पुवात हवा नाही, दातातून आलेला संसर्ग नाही, पूर्वी असं झालेलं नाही, तर सलाईनच्या औषधावर २४ ते ४८ तास डोळ्यात तेल घालून वाट बघता येते. यातली एक अट जरी मोडली तरी पारडं शस्त्रक्रियेकडे झुकतं. आणि नजर कमी होऊ लागली, बाहुली बिघडली, तर ४८ तास काय, चार तासही थांबायचं नाही. आतला दाब फारच चढला असेल तर नेत्रतज्ज्ञ पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्याला छेद देऊन तिथला अस्थिबंध सोडवतात. दोन-तीन मिनिटांचं काम, पण डोळा वाचवणारं. पू तरीही आत असतो, तो नंतर काढायचाच.

तो काढायची वाट बहुधा नाकातून. एंडोस्कोपने एथमॉइडच्या खोल्या उघडायच्या, कागदी भिंतीचा एक तुकडा काढायचा आणि पुवाला नाकात वाट करून द्यायची, मागचं आवरण मात्र फाटू द्यायचं नाही. फाटलं तर चरबी बाहेर येते. सुजलेलं नाक सुईच्या टोचणीनेही रक्त देतं आणि मुलाचं नाक आधीच अरुंद, त्यामुळे हे नवशिक्याचं काम नाही. पू वर किंवा बाहेरच्या बाजूला असेल तर बाहेरून, भुवईच्या कोपऱ्याजवळून छेद द्यावा लागतो. पू प्रयोगशाळेत पाठवताना हवेशिवाय जगणाऱ्या जंतूंचंही कल्चर मागा, नाहीतर तेच सापडायचे राहतात. नंतर एकूण औषध साधारण दोन ते तीन आठवडे, सुरुवात सलाईनची, मग तोंडाने. कॅव्हर्नस सायनस किंवा मेंदूची भानगड असेल तर चार ते सहा आठवडे आणि त्याहून जास्त. स्टिरॉइडबद्दल दोन मतं आहेत, पण अँटिबायोटिक नीट सुरू होण्याआधी ती कुणीच देऊ नयेत, याबद्दल दोन मतं नाहीत.

कपाळाचा सायनस पूर्ण वाढलेल्या मुलांचा एक वेगळा रोग सांगून पुढे जातो. कपाळावर मऊ, दाबल्यावर खळगा पडणारी सूज, डोकेदुखी, ताप. हाडाला कीड लागून वर पू येतो. अठराव्या शतकातल्या इंग्लंडच्या पर्सिव्हल पॉट या सर्जनच्या नावाने तो ‘पॉट्स पफी ट्यूमर’ म्हणून ओळखला जातो. नावात ‘ट्यूमर’ आहे, पण गाठ वगैरे काही नाही. कपाळावर टेंगूळ आलं की ‘पडला असेल’ म्हणून सोडू नका, पापणी सुजलेली असेल तर नाहीच. याच मुलांना मेंदूच्या आवरणाखाली पू होण्याचा धोका जास्त.

आता आपल्या जिल्ह्याविषयी. सर्दीचा हंगाम आणि ऊसतोडीचा हंगाम एकाच वेळी, हिवाळ्यात. ऊसतोड कामगारांच्या तळावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, धूर, थंडी, ओळीने झोपणारी मुलं. टोळी एका कारखान्याच्या हद्दीत असते तेव्हा मुलाचं लसीकरणाचं कार्ड गावी राहिलेलं असतं. जत, आटपाडीकडून मिरज गाठायला दीड-दोन तास जातात. म्हणून गावातल्या डॉक्टरांना माझी मागणी अशी : डोळा पुढे आलाय किंवा हलत नाही असं दिसलं, तर पाठवण्याआधी सेफ्ट्रायॅक्सोनचा पहिला डोस द्या. १४ किलोच्या मुलाला ५० च्या हिशोबाने ७०० मिलिग्रॅम. १ ग्रॅमची बाटली इंजेक्शनच्या पाण्यात १० मिली केली तर ७ मिली, शिरेतून तीन-चार मिनिटांत हळू. शिरा मिळत नसेल तर स्नायूत. नंतर चिठ्ठी. त्यावर मुलाचं वजन, सूज कधी सुरू झाली, दिलेल्या औषधाची वेळ, दोन्ही डोळ्यांची नजर आणि बाहुल्या, आणि शेवटचं खाणं किती वाजता, कारण स्कॅनला किंवा ऑपरेशनला गुंगी द्यावी लागेल. ज्या ठिकाणी बालरोगतज्ज्ञ, नेत्रतज्ज्ञ आणि ईएनटी तिघे आणि रात्री सीटी चालू असतं, तिथेच थेट पाठवा. एका डोळ्याच्या दवाखान्यातून दुसऱ्या कानाच्या दवाखान्यात फिरवलं की दिवस जातो. १०८ ला फोन करा, रुग्णवाहिकेचे पैसे लागत नाहीत.

घरात काय करू नये, हेही स्पष्ट. हळदीच्या बाजारपेठेत बसून बोलतोय, तरी सांगतो, पापणीवर हळदीचा लेप नको. लेप वाळून चिकटतो, डोळा उघडता येत नाही आणि पिवळ्या रंगाखाली लाली कळत नाही. तुरटीचं पाणी, अंगावरचं दूध, मध, काजळ यांपैकी काहीही नको. रांजणवाडीला शेक चालतो, पण ताप आणि सर्दीबरोबर आलेल्या सुजेला शेक देत रात्र घालवू नका. आणि दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळालेले स्टिरॉइडचे थेंब सगळ्यात वाईट, लाली उतरवतात आणि आजार झाकतात. आधीचं उरलेलं अँटिबायोटिक दोन दिवस देऊन बंद करणं हेही असंच, जंतू मरत नाही, फक्त लक्षणं गोंधळतात. नजर उतरवायची असेल तर गाडीत उतरवा, गाडी निघू द्या.

प्रश्नोत्तरांतले दोन प्रश्न इथे देतो. एका शिक्षिकेने विचारलं, बरं झालेलं मूल शाळेत कधी पाठवायचं. ताप गेला, औषध तोंडाने घेतंय, डोळा नीट उघडतो आणि दोन दिवस तब्येत स्थिर आहे, एवढं झालं की शाळा सुरू करायला हरकत नाही. खेळ आणि पोहणं मात्र डॉक्टर नाक आतून तपासून सांगतील तेव्हा. नाकातून ऑपरेशन झालं असेल तर दोन-तीन आठवडे नाक जोराने शिंकरायचं नाही. भिंतीचा तुकडा काढलेला असतो, त्या वाटेने हवा खोबणीत शिरून पापणी फुग्यासारखी फुगते. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. असा आजार पुन्हा झाला तर ॲडिनॉइड (नाकाच्या मागची गाठ), ॲलर्जी, दात आणि प्रतिकारशक्ती तपासावी लागते.

दुसरा प्रश्न एका आजोबांचा होता : धाकट्या भावाला लागेल का? सर्दी लागेल, हा आजार नाही. टॉवेल, रुमाल वेगळा ठेवा, तो सर्दीपुरता उपयोगी. पण भावाचंही नाक आठ-दहा दिवस गळत राहिलं आणि पापणीला सूज दिसली, तर त्याचीही पापणी त्याच दिवशी उघडून बघा.